हंगामाबाहेरचा नळदुर्ग

अलीकडे आमच्या सुशिक्षित वर्गात एक समजूत चांगलीच दृढमूल होऊन बसली आहे. ती अशी की, प्रत्येक स्थळाला पाहण्याचा एक नेमलेला काळ असतो. त्या काळात ते पाहिले तर पाहिले, एरवी तेथे जाणे म्हणजे खेळ नसलेल्या दिवशी नाटकगृहात जाऊन बसणे होय. धाराशिव जिल्ह्यापुरती ही समजूत आणखीच आखूड झाली आहे. नळदुर्ग पाहावा तो नर-मादी धबधबे कोसळत असता. येडशीचे रामलिंग पाहावे ते श्रावणात. आणि होळी पेटली की या सर्व मुलुखावर पडदा टाकावा, तो मृगाचा पाऊस पडेपर्यंत उचलू नये! प्रवासवर्णनांतून हेच, माहितीपत्रकांतून हेच, आणि घरी आलेल्या पाहुण्यास ‘आत्ता काय बघणार? पावसाळ्यात या,’ असे सांगणाऱ्या स्थानिक गृहस्थांच्या तोंडीही हेच. आमचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. फाल्गुन व चैत्र हे दोन महिने या मुलुखाची खरी ओळख करून देणारे आहेत; त्यांस ‘ऑफ सीझन’ म्हणून टाकून देण्यात रसिकता नाही, निव्वळ गतानुगतिकता आहे; आणि या गतानुगतिकतेची किंमत प्रवाशाला मोजावी लागते तशी जिल्ह्यालाही मोजावी लागते.

प्रथम या ‘सीझन’ शब्दाचेच कूळ पाहू. हा शब्द आमच्याकडे आला तो साहेबाबरोबर. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ च्या सुमारास महाबळेश्वरी वसाहत उभी केली. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली माथेरान शोधून काढले. उन्हाळा सुरू झाला की मुंबई सरकार महाबळेश्वरी जाई. सरकारच्या मागे कारकून, कारकुनांच्या मागे वाणी आणि त्यांच्या मागे घोडेवाले. हे सर्व लटांबर वर असे तो सीझन. ते खाली उतरले की सीझन संपला. म्हणजे सीझन हा डोंगराचा नव्हताच, तो साहेबाच्या घामाचा होता! त्या काळी पावसाळा हा महाबळेश्वरचा ओसाडीचा काळ समजत. बंगल्यांची दारे लावून मंडळी खाली उतरत. आज त्याच पावसात, त्याच धुक्यात, घाटात मोटारींच्या रांगा लागतात. पाऊस बदलला काय? डोंगर बदलला काय? काही नाही; केवळ रूढी बदलली. जी गोष्ट दोन पिढ्यांच्या अंतराने उलटीपालटी होते, तिला निसर्गाचा नियम समजून तिच्यापुढे मान तुकवणे हे विचारी मनुष्यास शोभत नाही.

आमच्या भाषेत यासाठी स्वतःचा शब्द आहे आणि तो निराळ्याच अर्थाचा आहे. हंगाम म्हणजे पिकाचा हंगाम. सुगी म्हणजे धान्य घरी येण्याचे दिवस. बालाघाटाच्या या पठारावर रब्बीची ज्वारी हे जुने, मुख्य आणि मानाचे पीक. ती माघ-फाल्गुनात काढणीस येते. हरभरा, करडई यांचीही रास याच सुमारास होते. तेव्हा ज्या दिवसांस पाहुणा ‘येथे काही नाही’ म्हणून नाक मुरडतो, ते दिवस शेतकऱ्याच्या लेखी वर्षातले सर्वांत भरलेले असतात. रस्त्याच्या दुतर्फा कडब्याच्या गंजी उभ्या राहतात, मळणीचा भुसा वाऱ्यावर उडत असतो, दारोदार नव्या ज्वारीची भाकरी भाजली जाते. या सुगीला ‘ऑफ सीझन’ म्हणणे हे अज्ञान तर आहेच, पण त्याहूनही वाईट म्हणजे ज्याच्या दाराशी आपण जातो त्याच्या वर्षाची आपल्याला दखलही नाही याची ती कबुली आहे.

आता नळदुर्गाकडे वळू. कारण ‘धबधबा नसेल तर तेथे काय आहे?’ हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा या किल्ल्याविषयीच विचारला जातो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, सोलापुरापासून सुमारे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर हा किल्ला आहे. बोरी नदीने त्यास वेढा दिला आहे; नदीपलीकडे रणमंडळ नावाचा जोडकिल्ला; आणि या दोहोंस जोडणारे, नदीचा प्रवाह अडवणारे दगडी धरण. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, हे धरण आणि त्याच्या पोटातील पाणीमहाल सिद्ध झाला. धरणाच्या भिंतीच्या आतच जिने उतरत जातात, खोल्या आहेत, कमानी आहेत, गवाक्षे आहेत. जलाशय भरला की जादा पाणी नर व मादी या दोन सांडव्यांवरून खाली झेप घेते. गवाक्षात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि त्याच्या अंगावर मात्र थेंब येत नाही. ही योजना अपूर्व आहे यात शंका नाही, आणि पावसाळ्यातील तो देखावा पाहू नये असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

पण त्या देखाव्यात पाहणाऱ्याच्या हाती काय लागते? पाणी. धबधबा चालू असता धरण दिसत नाही, धबधबा दिसतो. बांधणाऱ्याची सर्व करामत त्या फेसाआड दडून जाते. दगड कसे घडवले, थर कसे रचले, एवढ्या पाण्याचा रेटा अंगावर घेणाऱ्या भिंतीच्या पोटात पोकळ दालने ठेवण्याचे धाडस कोणत्या हिशेबाने केले, पाणी नेमके कोठून वळवले की ते महालाच्या पुढे पडावे पण आत शिरू नये, हे सर्व प्रश्न विचारावयाचे तर सांडवा कोरडा असावा लागतो आणि पाहणाऱ्याच्या मागे दुसऱ्या शंभर जणांचा ‘चला, पुढे सरका’ असा धोशा नसावा लागतो. फाल्गुनातल्या सकाळी ही दोन्ही साधने फुकट मिळतात. नदीच्या पात्रातला काळा खडक उघडा पडलेला असतो. धरणाची उंची तेव्हा प्रथम कळते. आणि उपळी बुरुजावर चढून पाहिले तर शंभराहून अधिक बुरुजांची ती माळ, नदीचे वळण व पलीकडचे रणमंडळ यांचा परस्परसंबंध नकाशासारखा उलगडतो. पावसाळ्यातला प्रवासी आश्चर्य घेऊन परततो. वसंतातला प्रवासी ज्ञान घेऊन परततो. दोहोंत कनिष्ठ कोणते हे ठरवण्याचे आम्ही वाचकांवर सोपवतो.

या किल्ल्याच्या इतिहासासही धबधब्याने झाकून टाकले आहे. १८५३ साली निजामाने नळदुर्गाचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. त्याचा कारभार कॅप्टन मेडोज टेलर याजकडे आला. हा तोच टेलर, ज्याच्या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ या इंग्रजी कादंबरीत तुळजापूर आणि हा परिसर येतो. नळदुर्गी त्याचा मुक्काम असे, आणि तो धबधबे वाहतात म्हणून नव्हे, तर बाराही महिने. म्हणूनच त्याच्या आत्मचरित्रातील हा मुलूख जिवंत वाटतो. १८६० साली हा प्रदेश पुन्हा निजामाकडे गेला. पुढे १९४८ च्या सप्टेंबरात, १३ तारखेस, हैदराबादवरील कारवाईत सोलापुराकडून निघालेल्या भारतीय सैन्याची पहिली गाठ पडली ती येथेच. बोरीवरील पूल शाबूत हाती येणे हा त्या दिवशीचा महत्त्वाचा विजय होता. चिंब भिजलेल्या गर्दीत, हातातली छत्री सावरीत, यांतले काय आठवणार आणि कोणास सांगणार? इतिहासाला थोडी निवांत हवा लागते.

रामलिंगाची गोष्ट याहून अधिक चिंतेची आहे. येडशीजवळच्या या घाटात, दरीच्या तळाशी, महादेवाचे जुने देऊळ आहे. जटायूने रावणाशी झुंज दिली ती येथेच अशी तेथली श्रद्धा. सभोवारच्या रानास १९९७ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र अवघे बावीस चौरस किलोमीटरांच्या आसपास. एवढ्या चिमुकल्या रानावर श्रावणातल्या सोमवारी जी गर्दी लोटते, ती भक्तांची असेल तर आमची तक्रार नाही; श्रावण सोमवार हा देवाचा दिवस आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण त्या गर्दीत भक्त किती आणि छायाचित्र काढून घेण्यापुरते आलेले किती, हे देवळाच्या पायरीवर तासभर उभे राहणाऱ्यास सांगावे लागणार नाही. मागे उरतात त्या प्लॅस्टिकच्या पिशव्या व बाटल्या. आणि फुकटच्या खाऊला सोकावलेली वानरे.

तेच रान फाल्गुनात पाहावे. पानझडीचे रान ते. झाडे उघडी झालेली असतात म्हणून लोक त्यास रुक्ष म्हणतात. पण पाने गळाल्याखेरीज पळस पेटत नाही, हे पोरासही ठाऊक आहे. सावर व पांगारा यांचीही तीच रीत: आधी वस्त्रे टाकायची, मग दागिने घालायचे. चैत्र लागतो तोच करंजाला तुकतुकीत कोवळी पालवी येते, कडुनिंबाच्या मोहोराचा कडसर सुवास वाटेवर पसरतो, आणि दुपारच्या शांततेत तांबट पक्ष्याचे एकसुरी टोले तेवढे ऐकू येतात. पानांचा पडदा नसल्याने पक्षी दिसतात. पावसाळ्यात त्यांचा नुसता आवाज ऐकून समाधान मानावे लागते. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळकडील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत आलेला एक वाघ याच रानात स्वयंचलित कॅमेऱ्याने टिपला. त्यानेही येण्यासाठी श्रावण निवडला नाही हे ध्यानात घेण्याजोगे आहे! वाघाचे असो, पण जे रान एका वाघास राहण्याजोगे वाटले, ते वर्षातून चार आठवडेच पाहण्याजोगे आहे असे आपण म्हणावे, यात कोणाची दृष्टी तोकडी ठरते?

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप उन्हाचा. बालाघाट म्हणजे महाबळेश्वर नव्हे. तेथली उंची साडेचार हजार फुटांच्या आसपास, येथली दोन हजारांच्या. चैत्रातली दुपार येथे भाजून काढते हे आम्ही कशास नाकारावे? पण दिवस म्हणजे काही दुपार नव्हे. पहाटे पाच ते नऊ आणि सायंकाळी पाचपासून पुढे या पठारावरची हवा जी असते, ती ज्याने अनुभवली त्यास पंख्याखालच्या शहरी रात्रीची कीव येते. दुपार सावलीत काढावी, वाचावे, निजावे. या मुलुखातला शहाणा मनुष्य शतकानुशतके हेच करीत आला आहे. ज्यास सुटीतही दुपारी बारा वाजता काही ना काही ‘करून’ दाखवल्याखेरीज पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाही, त्याचा रोग उन्हाचा नव्हे, हव्यासाचा आहे.

दुसरा आक्षेप चैत्र हा प्रवासाचा महिनाच नव्हे असा. हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचे पंचांग उघडून पाहावे. चैत्री पौर्णिमेस येरमाळ्याच्या येडेश्वरीस लाखो माणसे लोटतात, चुनखडी वेचतात, देवीची पालखी आमराईत नेतात. त्याच पौर्णिमेला तुळजापुरी भवानीच्या दर्शनास रीघ लागते. पलीकडे चैत्रातच शिखर शिंगणापूरच्या डोंगरावर खांद्यावर कावडी घेऊन माणसे चढतात. या लोकांस कोणी माहितीपत्रक दिले नव्हते. सुगी आटोपली, हात मोकळे झाले, नवे वर्ष लागले, आता देवास भेटून यावे, एवढा सरळ हिशेब. वसंतात घराबाहेर पडावे ही आमचीच जुनी रीत; सीझनच्या नादी लागून ती विसरला तो सुशिक्षित, खेडूत नव्हे. आणि मौज अशी की, येरमाळ्यास लाखांचा मेळा भरला असता तेथून जवळच असलेले रामलिंगाचे रान मात्र निःशब्द असते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो घेणाऱ्यांविषयी आम्हांस आदर आहे. ते म्हणतात: हा दुष्काळी जिल्हा. येथे वर्षाचा पाऊस तीस इंचांच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ येथल्या वृद्धांच्या आठवणीत अजून ताजा आहे. शेजारच्या लातुरास २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. जेथे बायाबापड्या चैत्रात घागर घेऊन विहिरीचा तळ शोधतात, तेथे पाहुण्याने वसंताची शोभा पाहत हिंडावे, हे क्रूर नव्हे काय?

आमचे उत्तर असे. पाहुण्याने तेथल्या पाण्यावर डल्ला मारावा, हौदात डुंबावे, दिवसातून दोनदा शॉवरखाली उभे राहावे, असे आम्ही सांगत असतो तर हा आक्षेप आम्हांस निरुत्तर करता. पण विचार करा: ज्याने हा जिल्हा केवळ ऑगस्ट-सप्टेंबरात पाहिला, त्याच्या मनात कोणते चित्र उरते? दुथडी वाहणारी बोरी, हिरवेगार डोंगर, दगडावरून कोसळणारे पाणी. मग फेब्रुवारीनंतर त्याच जिल्ह्यातून टंचाईची हाक आली की तो भुवया उंचावून विचारतो, ‘इतके पाणी होते, ते गेले कोठे?’ हा प्रश्न त्याने नळदुर्गच्या कोरड्या सांडव्यासमोर उभे राहून विचारला असता तर त्यास काही अर्थ आला असता. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाणी अडवणे आणि पाण्याचा आनंद घेणे या दोन गोष्टी एकाच भिंतीत बांधल्या. आम्ही आनंद तेवढा उचलला आणि अडवणे सरकारवर सोपवले. ऋतुमानाचा सुकाळ तेवढा पाहून परतणारा पाहुणा हा सुखातल्या सोयऱ्यासारखा आहे; त्याची ओळख कामाची नव्हे. जिल्ह्याला ओळख हवी ती त्याचा चैत्र पाहिलेल्यांची. आणि शोभा व दुःख ही एका ठिकाणी नांदू शकत नाहीत असे ज्यांस वाटते, त्यांनी भेगाळलेल्या माळावर फुललेला पळस एकदा पाहावा.

शिवाय पोटाचा प्रश्न आहेच. चहाची टपरी, उसाच्या रसाचे गुऱ्हाळ, खाणावळ, रिक्षा यांवर जगणारी माणसे पावसाळ्यातल्या थोड्या रविवारी दमून जातात आणि उरलेले वर्ष रस्त्याकडे डोळे लावून बसतात. त्यातही वरच्या अंगाचे बोरी धरण भरून वाहिले तरच नळदुर्गचा धबधबा चालू होणार; न भरले तर तेही रविवार गेले! आभाळाच्या लहरीवर शेती अवलंबून आहे हे एक संकट पुरे नव्हते म्हणून पाहुणाही आम्ही त्याच लहरीला बांधून टाकला. वर्षभर पाच-दहा माणसे येत राहणे हे चार रविवारी पाच हजार येण्यापेक्षा गावाला हितावह आहे. त्यात दुकानदाराला माणूस ओळखता येतो आणि माणसाला गाव.

येथे एखादा चतुर वाचक आम्हांस पेचात धरू पाहील. तो म्हणेल, ‘वसंतातल्या शांततेची एवढी वाखाणणी केल्यावर लोक तेथे धावतील आणि तुमची शांतता संपेल, मग तुमचा लेखच तिचा वैरी नव्हे काय?’ आक्षेप चमकदार आहे, पण त्यात एक गृहीत लपले आहे. ते हे की, माणसे जातात ती कळपानेच. आम्ही दुसरा सीझन उभारा असे म्हणत नाही. वसंतमहोत्सव, रोषणाई, ध्वनिवर्धक, यांपैकी कशाचीही आम्ही शिफारस करीत नाही. उलट तसा उत्सव कोणी योजल्यास त्याविरुद्ध लिहिणारे आम्ही पहिले असू. आमचे सांगणे एकेकट्यास आहे. ज्यास गर्दी हवी, त्यास हा लेख वाचूनही फाल्गुनात तेथे करमणार नाही. तो पहिल्या दुपारीच परत फिरेल. आणि ज्यास करमेल, तो शांतता मोडणारा नव्हे, तिच्यात भर घालणारा असेल.

शेवटी एक शब्द आमच्या लेखकवर्गास. मराठी साहित्याने पावसावर जेवढे प्रेम केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही ऋतूवर केले नाही. बालकवींनी श्रावणाला जे रूप दिले त्यातून आमची कविता अद्याप पुरती बाहेर पडलेली नाही. हा दोष बालकवींचा नव्हे. त्यांच्या मागून येऊन तोच श्रावण पुन्हा पुन्हा गिरवणाऱ्यांचा आहे. संस्कृत कवीची दृष्टी अधिक व्यापक होती. ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून आरंभ करते आणि वसंतात विसावते. आमच्यातही दुर्गाबाई भागवतांनी १९५६ च्या ‘ऋतुचक्रा’त बाराही महिन्यांस सारखा मान देऊन वाट दाखवली. पण त्या वाटेने बालाघाटाच्या माळावर उतरणारे कितीसे निघाले? कोकणचा पाऊस आणि घाटमाथ्याचे धुके यांवर पानेच्या पाने भरली जातात. मराठवाड्याच्या वाट्यास मात्र दुष्काळाची बातमी तेवढी येते. बातमी आणि कविता यांच्या मधला जो प्रांत, कडब्याच्या गंजीचा, कडुनिंबाच्या मोहोराचा, कोरड्या सांडव्याचा व थंड पहाटेचा, त्यास अजून लेखक हवा आहे. टेलरसारखा परका मनुष्य बाराही महिने राहिला म्हणून त्यास तो दिसला. आमच्या लेखकांनी निदान दोन महिने तरी राहावे, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

तेव्हा वाचकांस आमचे सांगणे थोडक्यात असे: पुढच्या शिमग्यानंतर दोन दिवस काढा. पिण्याचे पाणी बरोबर न्या, आणलेला कचरा परत न्या, उजाडण्यापूर्वी किल्ल्यावर पोहोचा, दुपारी गावात टेका आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडा. कोणी ‘आत्ता काय बघणार?’ असे विचारले तर वाद घालू नका. त्याच्याच हातचा चहा घ्या, यंदा ज्वारी कशी उतरली ते विचारा आणि तो सांगू लागला म्हणजे स्वस्थपणे ऐका.